नीलम दिवसाउजेडी पाहावा

मिरजगावात नीलमाची चौकशी करायला येणारा माणूस खड्याकडं बघतच नाही. तो आधी विचारतो, "लाभंल ना?" घरात साडेसाती चालू असते, धंद्यात खोट आलेली असते किंवा मुलाचं लग्न अडलेलं असतं. हातात ज्योतिषबुवांची चिठ्ठी असते: नीलम, सव्वापाच रत्ती, शनिवारी, मधल्या बोटात. शनी शिंगणापूर आमच्याच जिल्ह्यात, घोडेगावातून आत वळलं की येतं. शनिअमावास्येला आमच्या भागातून गाड्या भरून लोक जातात, मीही जातो. श्रद्धेशी माझं काही भांडण नाही. पण रत्नपरीक्षेच्या धंद्यात उमर गेली आणि एक गोष्ट पक्की कळली की भ्यालेलं गिऱ्हाईक भाव करत नाही आणि खडाही निरखत नाही. नीलमाच्या नावाखाली सगळ्यात जास्त काच आणि रंगवलेला माल खपतो, त्याचं कारण हेच. खडा घालायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. घ्यायचाच असेल, तर तो आधी दगड म्हणून नीट पाहा, एवढंच माझं म्हणणं आहे.

नीलम म्हणजे कुरुंद. ज्या कुरुंदाच्या चाकावर विळे-कोयत्यांना धार लावतात, त्याच खनिजाचं हे पारदर्शक, निळं रूप. ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन, बस. शुद्ध असेल तर तो पाण्यासारखा रंगहीन असतो. त्यात क्रोमियमचा अंश आला की माणिक होतं. लोह आणि टायटॅनियम असे दोन्ही आले की नीलम. हे अंश शेकडा एकाहूनही पुष्कळ कमी असतात. प्रकाश पडला की लोहाकडून टायटॅनियमकडं इलेक्ट्रॉन सरकतो, त्यात पिवळा-लाल उजेड शोषला जातो आणि आपल्या डोळ्यांपर्यंत निळा पोचतो. नुसतं लोह जास्त झालं तर रंग हिरवट, काळपट होतो. नीलमाच्या भावातला बराचसा फरक या दोन धातूंच्या प्रमाणात दडलेला आहे.

विहिरीच्या खोदकामात काही चमकलं की लोक माझ्याकडं घेऊन येतात. आपल्या काळ्या दगडात, म्हणजे दख्खनच्या बेसाल्टमध्ये, गारगोटी, जांभळा स्फटिक आणि झिओलाइटचे सुरेख गुच्छ मिळतात. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीतलं कॅव्हान्साइट तर इतकं निळंभोर आहे की जगभरचे संग्राहक ते शोधत असतात. पण ते घासून पैलू पाडायला टिकत नाही, फार मऊ. नीलम मात्र आपल्या या दगडात नाही. गारगोटीतलं सिलिका मोकळं असेल तिथं कुरुंद तयारच होत नाही. थायलंड आणि ऑस्ट्रेलियातला नीलम बेसाल्टनंच वर आणला हे खरं, पण तो लाव्हा वेगळ्या जातीचा, खोलातून झपाट्यानं वर आलेला. महाराष्ट्रात कुरुंद आहे तो भंडारा जिल्ह्यात, सिलिमनाइट आणि कायनाइटच्या सोबतीनं. तो रत्नाच्या प्रतीचा नव्हे, कारखान्याच्या कामाचा.

मग चांगला नीलम कुठला? धंद्यात अजूनही काश्मीरचं नाव निघालं की माणसं आवाज उतरवतात. किश्तवाडच्या पाडर भागात, सुमजाम गावाच्या वर सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर, १८८० च्या सुमारास दरड कोसळली आणि निळे स्फटिक उघडे पडले. काश्मीरच्या महाराजांनी पहारा बसवला. पाच-सहा वर्षं उत्तम माल निघाला. १८८७ मध्ये भूविज्ञान सर्वेक्षण खात्याचे ला टूश तिथं पोचले, तोवर जुनी जागा जवळजवळ रिकामी झाली होती. नंतर अधूनमधून खोदकाम झालं, पण तसा साठा पुन्हा लागला नाही. त्या खड्यांत अतिसूक्ष्म कण असतात. ते उजेड पसरवतात, त्यामुळं रंग मखमली दिसतो आणि दिव्याखालीही मरत नाही. आज बाजारात "काश्मिरी" म्हणून जे दाखवतात, त्यातलं बहुतेक सगळं दुसरीकडचं असतं.

आपल्याकडं खरोखर येतो तो सिलोनचा, म्हणजे श्रीलंकेचा. रत्नपुराच्या भागात नदीकाठच्या गाळात खड्डे खणून रत्नं असलेली वाळू काढतात आणि टोपल्यांत धुतात. तिथला रंग उजळ, मोकळा, पाणी स्वच्छ. ब्रह्मदेशातल्या मोगोकचा नीलम भरदार निळा. मादागास्करमध्ये १९९८ मध्ये इलाकाकाला मोठा साठा सापडला. तिथला चांगला खडा सिलोनच्या शेजारी ठेवला तर नुसत्या डोळ्यांनी ओळखणं अवघड. ऑस्ट्रेलियाचा आणि थायलंडचा बराच माल शाईसारखा गडद. पण गावावरून भाव करू नका. सिलोनमध्येही फिकट, मेलेले खडे ढिगानं निघतात. आधी खडा, मग खाण.

पाहायचं कसं, ते सविस्तर सांगतो, कारण फसवणूक इथंच होते. दुकानातले पांढरे एलईडी दिवे निळ्याची खुशामत करतात, जुना पिवळा बल्ब त्याला मारतो. खडा पांढऱ्या कागदावर ठेवून दारात या. थेट ऊन नको, सावलीतला उजेड हवा. समोरून पाहताना तीन गोष्टी बघा. निळ्यात हिरवट किंवा करडी झाक आहे का? खडा हलवला तर काही भाग काळेच राहतात का? आणि मधोमध कागद आरपार दिसतो का? दिसत असेल तर पैलू चुकलेत, उजेड परत फिरण्याऐवजी खालून निसटतोय.

मग स्टीलच्या वाटीत स्वच्छ पाणी घ्या, तळाशी पांढरा कागद घाला आणि खडा पालथा ठेवा. पैलूंची चमक मावळते आणि रंग कुठं बसलाय ते दिसतं. सिलोनच्या खड्यात कित्येकदा असं होतं की सगळा निळा रंग खालच्या टोकाशी ठिपक्याएवढा असतो, बाकी खडा जवळपास पांढरा. तिथल्या कारागिराचं हे कसब आहे: रंग टोकाला ठेवला की वरून पूर्ण खडा निळा भासतो. यात फसवणूक नाही, पण भाव ठरवताना ते माहीत असावं. पाण्यात रंगाच्या सरळ रेषा कोनात वळलेल्या दिसल्या तर ती निसर्गातल्या वाढीची खूण. उलट, रंग पैलूंच्या कडांवर जाड आणि आत फिका दिसला, तर तो बाहेरून टायटॅनियम मुरवलेला असण्याची दाट शक्यता.

तापवलेल्या नीलमाबद्दल लोकांच्या मनात विनाकारण घृणा आहे. सिलोनचे दुधाळ 'गेउडा' खडे पूर्वी फेकून देत. १९७० च्या दशकात थायलंडच्या व्यापाऱ्यांनी ते भट्टीत दीड हजार अंशांच्या वर तापवले. आतल्या टायटॅनियमयुक्त बारीक सुया विरघळल्या, टायटॅनियम सुटं झालं आणि निळा रंग उमलला. हा रंग कायमचा. आज बाजारातला बहुतांश नीलम तापवलेलाच आहे आणि तो अस्सलच असतो. फक्त न तापवलेल्याचा भाव वेगळा आणि तापवलेल्याचा वेगळा. न सांगता विकणं, तो मात्र गुन्हा मानावा. कोबाल्टची निळी काच भरलेले खडे हा निराळाच प्रकार. ते सोनाराच्या आम्लातही खराब होतात, घेऊच नयेत.

घरगुती परीक्षांवर भिस्त ठेवू नका. दुधात टाकला की दूध निळं दिसतं म्हणतात. निळी काच टाकली तरी दिसतं. ओरखड्याची परीक्षाही फसवी. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नॉय यांनी १९०२ मध्ये ज्योतीत माणिक घडवण्याची रीत जाहीर केली आणि काही वर्षांत त्याच रीतीनं नीलमही होऊ लागला. तो तितकाच कठीण, रसायनही तेच, किंमत मात्र किरकोळ. दहापट भिंगाखाली त्यात वळणदार रेषा आणि बुडबुडे सापडतात, खऱ्या, न तापवलेल्या खड्यात कित्येकदा रेशमासारख्या बारीक सुया.

आता ती सव्वापाच रत्ती. आपली गुंज तोळ्याला शहाण्णव, म्हणजे सुमारे १२१ मिलिग्रॅम. रत्नबाजारात रत्ती साधारण १८२ मिलिग्रॅमची धरतात. कॅरेट २०० चा. एकाच चिठ्ठीचा खडा एका हिशेबानं सव्वातीन कॅरेटच्या आत बसतो, दुसऱ्यानं पावणेपाचच्या पुढं जातो. किंमत कॅरेटनं वाढते, आणि मोठ्या खड्याला दर कॅरेटचा भावही चढा असतो. म्हणून वजन कॅरेटमध्येच विचारा. अंगठीवरचा हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेपुरता असतो, खड्याबद्दल तो काहीही सांगत नाही. खडा अंगठीत बसवण्याआधी, सुटा असताना, मुंबईच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्या. कोंदण मागून उघडं ठेवायला सांगा.

आणि बिलावर नुसतं 'नीलम' लिहिलं असेल तर पैसे देऊ नका. नैसर्गिक आहे की कृत्रिम, तापवलेला आहे की नाही, रंग मुरवलाय किंवा काच भरलीय का, वजन किती कॅरेट, हे सगळं दुकानदाराच्या सहीनं लिहून घ्या. जो लिहून द्यायला कांकू करेल, त्याच्याकडून खडा घेऊ नका, मग चिठ्ठीवर मुहूर्त कितीही जवळचा असो.