सुंभ जळला, पीळ किती उरला?

होस्टेलच्या मेसमध्ये दोन विषयांवरचे वाद कधीच संपत नाहीत. एक म्हणजे आजची आमटी कालचीच आहे का, आणि दुसरा म्हणजे कुणाच्या गाडीत किती दम आहे. पहिल्याचा निकाल निदान चवीवर लागतो. दुसऱ्याचा लागतच नाही. कंपनीने छापलेला हॉर्सपॉवरचा आकडा प्रत्येकाला पाठ असतो, पण तो मोजतात कसा, असं विचारलं की सगळे जण एकदम ताटात बघायला लागतात!

मित्रमैत्रिणींनो, हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. मागच्या वर्षी मिनी प्रोजेक्ट म्हणून आम्ही चौघांनी एक वॉटर ब्रेक डायनॅमोमीटर बनवला. तो कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये नाही, तर कासारवाडीत, रेल्वे रुळांच्या अलीकडे असलेल्या माझ्या मामाच्या लेथच्या शेडमध्ये तयार झाला. इंजिन होतं मामाच्या 1994 सालच्या बजाज चेतकचं.

आधी थोडं शास्त्र. (स्टाफने हा परिच्छेद गाळला तरी चालेल.) इंजिन नुसतं फिरतं तेव्हा त्याची ताकद कळत नाही. पैलवान किती जोरदार आहे हे समोर दुसरा उभा राहिल्यावरच कळतं, तसंच. जेम्स वॉटने घोड्याच्या ताकदीचा हिशोब मांडला, मिनिटाला 33,000 फूट-पौंड. 1821 मध्ये फ्रान्सच्या प्रोनी यांनी फिरत्या शाफ्टला लाकडी ठोकळ्यांनी आवळून धरलं आणि ठोकळ्यांना बसणारा ओढा वजनाने मोजला. आपल्या लॅबमधला रोप ब्रेक त्याच घराण्यातला. पण घासून घासून ड्रम तापतो, दोर करपतो आणि सगळ्या बॅचला वास येतो. 1877 मध्ये विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनिअरने मोठ्या जहाजांची इंजिनं मोजण्यासाठी वेगळीच युक्ती मांडली. घासायचंच नाही, पाणी घुसळायचं! शाफ्टवर खोलगट कप्पे असलेला रोटर, समोर तसेच कप्पे असलेलं केसिंग, आणि मध्ये पाणी. रोटर पाण्याला भिरकावतो, पाणी केसिंगवर आदळून परत येतं. रोटरला पुढे जायला जेवढा त्रास होतो, तेवढाच केसिंगला फिरावंसं वाटतं. केसिंग बेअरिंगवर मोकळं ठेवायचं, त्याला एक आडवा हात जोडायचा आणि हाताचं टोक ताणकाट्याला अडकवायचं. काट्यावरचं वजन गुणिले हाताची लांबी म्हणजे टॉर्क.

हा 'ताणकाटा' शब्द मला मामाकडे गेल्यावर कळला. मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत मराठी ही दुसऱ्या नंबरची भाषा होती, आणि स्प्रिंग बॅलन्सला स्प्रिंग बॅलन्सच म्हणायचे. मामाच्या शेडमध्ये मात्र सगळ्याला स्वतःचं नाव. टॉर्क म्हणजे 'पीळ'. पहिल्या दिवशी इंजिन स्टँडवर चढवताना मामा म्हणाला, "सुंभ जळलाय गं याचा, आता पीळ किती उरलाय ते बघ." मी विचारलं, "मामा, सुंभ म्हणजे?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "एवढी फी भरून हे पण शिकवलं नाही तुला?" सुंभ म्हणजे काथ्याचा दोर, आणि तो जळला तरी त्याचा पीळ जात नाही, हे मला विसाव्या वर्षी एका इंजिनशेजारी उभं राहून समजलं.

कासारवाडी तुम्ही लोकलमधून किंवा 2022 पासून धावणाऱ्या मेट्रोतून पाहिली असेल, नाशिक फाट्याच्या शेजारी. वाफेची उपकरणं बनवणारी फोर्ब्स मार्शल याच गावात आहे, पलीकडे भोसरीची एमआयडीसी आणि हायवेने सरळ गेलं की आकुर्डी, जिथे बजाजच्या स्कूटरी बनल्या. गावाच्या नावातच कासार आहे. मामाकडे एक लेथ, एक ड्रिल आणि एक वेल्डिंग सेट. बाकी सामान भंगारातून वजनावर.

डिझाइनमध्ये पहिली अडचण फेऱ्यांची आली. चेतकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच पोटात असतात, बाहेर येतो तो थेट चाकाचा शाफ्ट. टॉप गिअरमध्ये क्रँकच्या साधारण पाच फेऱ्यांना चाकाची एक. आणि वॉटर ब्रेकचा नियम असा की तो किती शक्ती खातो हे फेऱ्यांच्या घनावर आणि व्यासाच्या पाचव्या घातावर ठरतं. म्हणजे फेरे तिप्पट केले तर तोच रोटर सत्तावीसपट शक्ती खातो! फेरे न वाढवता तेवढंच काम हवं असेल तर व्यास जवळजवळ दुप्पट लागतो. म्हणून आम्ही मोटारसायकलची चेन आणि दोन स्प्रॉकेट लावली, 42 दात आणि 14 दात. चाकाचा शाफ्ट मिनिटाला 1000 फिरला की ब्रेक 3000 फिरणार. मग 150 मिलिमीटरचा रोटर पुरला. लाकडी पॅटर्न करून ॲल्युमिनियममध्ये ओतून आणला आणि मामाने तो लेथवर साफ केला.

दुसरी गंमत हाताच्या लांबीची. हात 716 मिलिमीटर ठेवला तर काट्यावरचे किलो गुणिले आरपीएम भागिले 1000, की थेट मेट्रिक हॉर्सपॉवर मिळते. पण मग काट्यावर वजन दीड-पावणेदोन किलोच दिसणार. आम्ही हात बरोबर निम्मा केला, 358. वजन दुप्पट दिसतं आणि भागायचं 2000 ने. काटा खरा आहे का हे बघायला शेजारच्या किराणा दुकानातून शिक्क्याची वजनं आणली, ती हातावर टांगली, एकेक चढवत आणि मग एकेक उतरवत. पाण्याच्या नळ्या मऊ रबराच्या आणि सैल सोडल्या, नाहीतर नळीच केसिंगला ओढते आणि आपण तिलाच हॉर्सपॉवर समजतो.

तिसरा प्रश्न पाण्याचा, आणि तो पिंपरी-चिंचवडमध्ये कुणाला समजावून सांगायला नको. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये इथे एक दिवसाआड पाणी सुरू झालं. तेव्हा नळाचं पाणी सोडून देणारा ब्रेक मामाने शेडमध्ये उभाच केला नसता. शिवाय नळाचा दाब स्थिर नसतो. कुणी शेजारी बादली लावली की आमचा काटा नाचायचा. म्हणून शेडच्या माळ्यावर एक टाकी, खाली 200 लिटरचा ड्रम आणि मध्ये कूलरचा पंप. वरून पाणी एकसारख्या उंचीवरून येतं, ब्रेकमधून तापून ड्रममध्ये पडतं आणि पुन्हा वर जातं. आत जाणाऱ्या पाण्याचा वॉल्व्ह उघडला की ब्रेक जड होतो, मिटला की हलका.

मग तो शनिवार उजाडला. चेनवर जाळी, सगळ्यांच्या कानात कापूस, थ्रॉटल पूर्ण उघडा. वॉल्व्ह हळूहळू उघडत ब्रेक 3000 वर आणला. काटा 3.4 किलोवर थांबला. 3.4 गुणिले 3000 भागिले 2000. उत्तर 5.1.

शेडमध्ये शांतता. कॅटलॉगमध्ये चेतकचे साडेसात हॉर्सपॉवर लिहिलेले, 5500 आरपीएमला. आमचं इंजिन 5000 च्या आसपास होतं, हे मान्य. तरी इतका फरक? आणि हे इंजिन मामाने स्वतः रिबोअर केलेलं. "माझं काम कंपनीच्या तोडीचं आहे," हे वाक्य त्याने आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगितलेलं. त्याच्या धंद्यात सर्टिफिकेट नसतं, ते वाक्यच सर्टिफिकेट असतं. आणि आता त्याच्याच शेडमध्ये, त्याच्याच भाचीने बनवलेलं यंत्र काहीतरी वेगळं म्हणत होतं.

आमच्यातल्या एकाने लगेच फोनवर हिशोब केला. "2000 ऐवजी 1400 ने भागा, सात पूर्णांक काहीतरी येतंय! रिपोर्टमध्ये कोण हात मोजायला येणार आहे?" होस्टेलमध्ये रात्री बारानंतर रीडिंगं कशी 'जुळतात' हे वाचकांना सांगायला नको. शिवाय इथे तर जुळवलं असतं तर मामाचंही मन राखलं गेलं असतं. मी मामाकडे पाहिलं. तो काट्याकडे बघत होता. म्हणाला, "काटा खोटा असेल तर खोटा म्हण. खरा असेल तर आकडा आहे तसा लिही. पण आधी काय ते ठरव."

कसं ठरवायचं? उत्तर ड्रममध्ये होतं. मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डचे जेम्स जूल हे बिअर बनवणाऱ्या घराण्यातले. 1840 च्या दशकात त्यांनी पडत्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवली आणि पाणी किती तापतं ते मोजलं. तापमान एका अंशानेही वाढत नसे, तरी ते पुन्हा पुन्हा मोजत राहिले. आपण अकरावी-बारावीत 'मेकॅनिकल इक्विव्हॅलंट ऑफ हीट' म्हणून हे घोकतो आणि दोन मार्क घेतो. माझ्या आता लक्षात आलं की आमचा ब्रेक म्हणजे जूलचंच भांडं आहे! इंजिनने दिलेली शक्ती दुसरीकडे कुठे जाणार? पाण्यातच. म्हणजे तीच शक्ती काट्याशिवाय, निव्वळ बादली, घड्याळ आणि थर्मामीटरनेही मोजता येईल.

पुन्हा इंजिन सुरू केलं. 20 लिटरची बादली भरायला चार मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला 5 लिटर. आत जाणारं आणि बाहेर येणारं पाणी यांत 10 अंशांचा फरक. हिशोब केला: 3.49 किलोवॉट. काट्याचे 5.1 हॉर्सपॉवर म्हणजे 3.75 किलोवॉट. सात टक्के कमी, आणि तेही कमीच यायला हवं, कारण केसिंग हाताला गरम लागत होतं, म्हणजे थोडी उष्णता हवेत जात होती. थर्मामीटर एकेका अंशाचा, त्यामुळे त्याच्याकडून याहून जास्त अपेक्षा नव्हती. पण एकमेकांना न ओळखणारे दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते. काटा खरा होता.

मामाने ते आकडे दोनदा वाचले. मग त्याने वही बाजूला ठेवली आणि पाना उचलला. "मग उरलेला पीळ गेला कुठे, ते शोधू." थोडा गिअरमध्ये, थोडा चेनमध्ये जाणारच, तो परत येणार नव्हता. पण ही टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल जळणार, म्हणजे काजळी आलीच. सायलेन्सर उतरवला तर आत कोळशाचा थर, आणि एक्झॉस्ट पोर्टच्या कडाही अरुंद झालेल्या. रिबोअर उत्तम होतं, धूर बाहेर पडायला वाट नव्हती. सगळं खरवडून, सायलेन्सर भट्टीत जाळून पुन्हा चढवला. त्याच वॉल्व्हने, त्याच 3000 फेऱ्यांना काटा 3.9 वर गेला. 5.85 हॉर्सपॉवर.

साडेसात आले नाहीत, आणि त्या दिवसानंतर कुणाला ते हवेही नव्हते. आपला घरगुती डायनो एआरएआयच्या टेस्ट बेडची बरोबरी करणार नाही. पण काल आणि आज यांतला फरक तो इमानाने सांगतो, आणि दुरुस्ती करणाऱ्याला तोच हवा असतो. जुळवलेल्या आकड्याने फार तर आमचा रिपोर्ट सुंदर झाला असता. सायलेन्सरमधला कोळसा तिथेच राहिला असता.

रिपोर्टमध्ये आम्ही 5.1 लिहिलं, खाली 5.85 लिहिलं, आणि शेजारी पाण्याचं तापमान. व्हायव्हात सरांनी पहिला प्रश्न विचारला, "हे इतके कमी कसे?" मला वाटतं, इंजिनिअरिंगमध्ये इतक्या आनंदाने मी कुठल्याच प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही.

ब्रेक अजून कासारवाडीतच आहे. मामा आता रिबोअर केलेलं चेतकचं इंजिन गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी त्यावर चढवतो आणि किलो, फेरे आणि अंश एका वहीत लिहून सही करतो. ड्रममधल्या कोमट पाण्याने संध्याकाळी स्कूटरी धुतल्या जातात. ज्यांचा मेसमधला वाद अजून मिटलेला नाही, त्यांनी रविवारी सकाळी यावं. येताना थर्मामीटर मात्र चांगला आणा, अर्ध्या अंशाचा असेल तर फारच बरं.