गजाननबुवा, तुमच्या गजाविषयी

आदरणीय गजाननबुवा जोशी यांस,


बदलापूरहून सकाळची लोकल पकडते तेव्हा अंबरनाथला नाहीतर उल्हासनगरला कधीकधी एक मुलगी व्हायोलिनची पेटी घेऊन चढते. गर्दीत पेटीला धक्का लागू नये म्हणून ती छातीशी धरून उभी राहते. कल्याण मागे पडून डोंबिवली आली की तिला सांगावंसं वाटतं, बाळ, गजाननबुवा इथे राहायचे.

१९८७ मध्ये तुम्ही गेलात, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आज तुमचं नाव निघतं ते गायक म्हणून आणि त्याहून जास्त गुरू म्हणून. ते रास्तच आहे. उल्हास कशाळकरांसारखा शिष्य घडवणं हे लहान काम नव्हे. पण त्यात तुमचं व्हायोलिन मागे पडलं, याची मला मनापासून खंत वाटते.

घरात वडील अंतूबुवांची ग्वाल्हेर घराण्याची तालीम. मग रामकृष्णबुवा वझे, आग्रा घराण्याचे विलायत हुसेन खाँ, जयपूर घराण्याचे भूर्जी खाँ. एवढं गाणं तुम्ही गुरूंपुढे बसून घेतलंत, आणि व्हायोलिन मात्र आपलं आपण शिकलात! त्या वाद्याला पडदे नसतात. बोट केसभर सरकलं की सूर गेला. सुराची जागा तुम्हाला दाखवली ती कानाने, आणि तो कान गाण्याने तयार केलेला. म्हणून तुमच्या गजाला गवयासारखा दम होता, असं मी मानते. गायकी अंग म्हणतात ते हेच. ख्याल गळ्यातून जसा उलगडतो तसाच तो तारेवर उलगडायचा, नुसती बोटांची चपळाई दाखवून टाळी घ्यायची नाही. ही विद्या तुम्ही श्रीधर पार्सेकरांना दिलीत. ते १९६४ सालीच गेले. तुमच्या डोळ्यांदेखत.

बुवा, पत्र तुम्हाला लिहिते आहे, पण मागणं आमच्याच लोकांकडे आहे. कल्याणपासून बदलापूरपर्यंत जे कोणी व्हायोलिन शिकवतात, त्यांनी पहिल्याच वर्षी मुलांना तुमचं वादन ऐकवावं. आणि तुमच्या मैफलींच्या टेप ज्यांच्या कपाटात पडून असतील, त्यांनी त्या खराब होण्याआधी बाहेर काढाव्यात.

आपली नम्र,
बदलापूरची एक श्रोती