‘निर्भीक’विषयी माझं मत

जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीनं ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर आणलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. दिल्लीच्या निर्भयाला जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं. बत्तीस बोअर, वजन अर्धा किलो, पर्समध्ये मावेल असं. किंमत सव्वा लाखाच्या घरात. नोकरी करणाऱ्या प्रत्येक बाईला सरकारनं परवाना मागताक्षणी द्यावा, असं मी तेव्हा भेटेल त्याला सांगत असे.

पुण्याच्या खडकीत वाढलेल्या मुलीला शस्त्राचं वावडं नसतं. इथली अॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ पासूनची. लष्कराची काडतुसं तिथं होतात, तशी परवानाधारकांसाठी बारा बोअरचीही होतात. तिथल्या पगारावर रेंज हिल्सच्या क्वार्टर्समधली किती घरं उभी राहिली! बंदूक वाईट, असं आमच्याकडे कुणी म्हणत नसे. वर इतिहासाचा आधारही होता. १८७८ चा शस्त्रकायदा लिटनच्या सरकारनं आणला तो हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार काढून घ्यायला. मग स्वतंत्र देशानं १९५९ च्या कायद्यात परवान्याची अट का ठेवली, असं मी विचारायची.

आता मी तसं विचारत नाही. मी हल्लेखोराची कल्पना नेहमी अंधाऱ्या रस्त्यावरचा अनोळखी माणूस अशीच करत आले होते. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे सांगतात, की देशात १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे २९ टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा सोसली आहे. त्यांतल्या एखादीच्या घरात ‘निर्भीक’ आलं, तर ते कुणाच्या कपाटात राहील? किल्ली कुणाकडे असेल? परवान्यावर बाईचं नाव असून काय उपयोग?

मग २२ एप्रिल २००६ ची सकाळ मला वेगळी दिसू लागली. वरळीच्या घरात भाजप नेते प्रमोद महाजनांवर सख्ख्या भावानं गोळ्या झाडल्या. पिस्तूल परवान्याचं होतं. महाजन ३ मे रोजी गेले. त्या वेळी सगळ्यांनी भावाभावांच्या नात्याची चर्चा केली, मीही केली. पिस्तूल हाताशी नसतं तर त्या सकाळी काय झालं असतं, हा प्रश्न माझ्या मनात फार उशिरा आला. कदाचित आरडाओरडा झाला असता, दार आपटलं गेलं असतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरला पोलीस ठाण्याच्या आत गोळीबार झाला, आणि आठवड्याभरात मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर गोळीबारात मारले गेले. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाल्यावर एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचं उघड झालं. फेरतपासणीत शंभराहून अधिक रद्द करावे लागले. ते मुळात दिले कुणी आणि कुणाच्या शब्दावर, हे मला अजून छळतं.

‘गुंडांकडे कट्टे असतातच, मग सरळ माणसानंच का निःशस्त्र राहायचं?’ हा प्रश्न मला आजही विचारतात. मध्य प्रदेशातल्या उमर्टीहून पुण्यात गावठी पिस्तुलं येतात, हे खरंच आहे. ती रोखणं हे पोलिसांचं काम आणि ते व्हायलाच हवं. पण सरळ माणूस रागात, दारूत, नैराश्यात सरळ राहतोच असं नाही. म्हणून शस्त्रकायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली ते मला पटतं. त्याच दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली ते मुळीच पटत नाही. पाच वर्षांत घर मोडतं, धंदा बुडतो, व्यसन लागतं. शहरातला परवाना दरवर्षी तपासला पाहिजे, आणि तपासताना घरातल्या बाईला एकटीला विचारलं पाहिजे.

कोकणातल्या शेतकऱ्याची ठासणीची बंदूक मी यात धरत नाही. रानडुकरं आणि वानरं हातचं पीक नेतात; त्याचा शेतीसंरक्षण परवाना राहू द्यावा.

बाकी आपल्यासारख्या शहरातल्या माणसांना विनंती आहे. वडिलांची, आजोबांची बंदूक केवळ घराण्याचा मान म्हणून कपाटात पडली असेल, तर ती पोलीस ठाण्यात जमा करा. घरात भांडणं, दारू किंवा खचलेलं माणूस असेल, तर आजच करा.