एका मिलिमीटरच्या आत

गेले काही दिवस मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत सुटलोय: कॅन्सरची गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या उगवून घेते! शेजारच्या वाहिन्यांना ती रसायनांचा निरोप धाडते आणि त्यांना फांद्या फुटतात, थेट गाठीच्या दिशेनं.

अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळे डॉक्टर मंडळींशी घरोबा असणं इथे नवलाचं नाही. अशाच ओळखीच्या एका पॅथॉलॉजिस्ट ताईंनी मला मेलॅनोमाची स्लाइड दाखवली. मेलॅनोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. काळपट-तपकिरी पेशींचे पुंजके आणि त्यांच्यामधून शिरलेल्या, तांबड्या रक्तपेशींनी भरलेल्या वेड्यावाकड्या वाहिन्या. "या आधी इथे नव्हत्या," ताई म्हणाल्या. त्यानंतर मी वाचतच सुटलो.

1971 साली जूडा फोकमन या अमेरिकी शल्यचिकित्सकानं मांडलं, की नव्या रक्तवाहिन्यांशिवाय गाठ काही मिलिमीटरपलीकडे वाढूच शकत नाही. ऑक्सिजन वाहिनीतून झिरपून फार लांब जात नाही, केसाच्या जाडीएवढा किंवा जरा अधिक. पुढच्या पेशी गुदमरतात. फोकमन यांच्या चमूनं सशाच्या डोळ्याच्या आतल्या द्रवात गाठीचे कण सोडले. ते जिवंत राहिले, पण इवलेसेच. तेच कण बुबुळाच्या रक्तवाहिन्यांजवळ नेऊन ठेवले, तर वाहिन्या त्यांच्यात शिरल्या आणि गाठ झपाट्यानं फोफावली. पाटाचं पाणी लागलेला ऊस जसा वाढतो, तशी! गुदमरणाऱ्या पेशी जो निरोप धाडतात, त्यातलं मुख्य प्रथिन म्हणजे व्हीईजीएफ. आणि पेशींना ऑक्सिजन कमी पडल्याचं कळतं कसं, हे उलगडणाऱ्या तिघांना 2019 चं नोबेल मिळालं.

पण खरा थरार पुढे आहे. रक्तवाहिन्यांच्या जोडीला शरीरात लसवाहिन्यांचंही जाळं असतं. पायाला काटा लागून पू झाला की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. तळपायाची जखम जांघेतल्या लसिका ग्रंथींना कळते ती याच वाहिन्यांमुळे! त्यांच्या भिंती अतिशय पातळ. एकमेकींवर सैलसर चढलेल्या पेशींच्या फटींतून द्रव आणि पेशी सहज आत शिरतात. मेलॅनोमाच्या पेशीही तशाच शिरतात. आणि गाठ याही वाहिन्या वाढवून घेऊ शकते, व्हीईजीएफ-सी नावाच्या भावंड-प्रथिनाच्या मदतीनं.

नेहमीच्या रंगात या वाहिन्या रक्ताच्या बारीक वाहिन्यांपासून वेगळ्या ओळखणं अवघड. डी2-40 सारखी प्रतिपिंडं रक्तवाहिन्यांना सोडून लसवाहिन्यांच्या अस्तराला चिकटतात आणि त्या उठून दाखवतात. त्यांच्यामुळे त्या मोजता येऊ लागल्या. 2003 आणि 2005 मध्ये मिखाएल डेटमार यांच्या गटानं दाखवलं, की पुढे पसरलेल्या मेलॅनोमात लसवाहिन्यांची वाढ जास्त होती आणि तिच्यावरून जवळच्या लसिका ग्रंथीत आजार पोचला असण्याचा अंदाज बांधता येत होता. रुग्णाचं पुढे काय होणार, याची खूण त्या काचेवर होती! पुढच्या सगळ्याच अभ्यासांत निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. म्हणून आजही डॉक्टर आधी पाहतात ती गाठीची जाडी, वर फुटलेला व्रण आणि गाठीतला द्रव जिथं आधी पोचतो ती पहिली लसिका ग्रंथी. 1970 साली अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी जाडी मोजायला सांगितलं. एक मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेक रुग्ण बरे होतात, चारच्या वर गेली तर धोका फार वाढतो. 1992 साली डोनाल्ड मॉर्टन यांनी गाठीपाशी निळा रंग टोचून तो कोणत्या ग्रंथीत आधी पोचतो हे पाहिलं आणि तेवढीच काढून तपासण्याची रीत दिली.

मग वाहिन्याच तोडल्या तर? मलाही लगेच हेच वाटलं. ब्रिटनमध्ये 1343 रुग्णांवर बेव्हॅसिझुमॅब हे व्हीईजीएफ अडवणारं औषध तपासलं गेलं. आजार उलटणं काहीसं लांबलं, एकूण आयुष्य मात्र वाढलं नाही. गाठ इतकी सहज हार मानत नाही. आणि 2017 साली उंदरांवरच्या प्रयोगांनी सगळंच उलटंपालटं केलं: लसवाहिन्या जास्त असलेल्या मेलॅनोमात रोगप्रतिकारक पेशीही जास्त शिरतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारी इम्युनोथेरपी अधिक लागू पडते! ज्या वाहिनीनं आजार बाहेर पडतो, तिच्यामुळेच शरीराला त्याचा सुगावाही लागतो. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

हे सगळं आपल्या मातीत सांगायला हवं, असं मला कळवळून वाटतं. मेलॅनोमा भारतात दुर्मीळ आहे, पण आपल्यासारख्या सावळ्या लोकांत तो बऱ्याचदा तळपायाला किंवा नखाखाली होतो, जिथं कुणी पाहत नाही. बीड जिल्ह्यातली माणसं ऊस तोडायला जातात, शेतात राबतात, नवरात्रात अंबाजोगाईच्या योगेश्वरी देवीला अनवाणी जातात. तळव्यावरचा काळा डाग त्यांना मोडलेला बाभळीचा काटा वाटतो, नाहीतर कुरूप. मग ब्लेडनं कोरणं, चुना लावणं. आणि तेवढ्या काळात खाली वाहिन्या वाढत राहतात.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांचे तळपाय बघा. वाढणारा, रंग बदलणारा, कडा वेड्यावाकड्या झालेला किंवा रक्त येणारा डाग दिसला, नखावरची काळी रेघ कातडीवर पसरताना दिसली, तर कोरू नका. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. गाठ एक मिलिमीटरच्या आत सापडली, तर बहुतेकदा ती नुसती कापून काढून भागतं. हे मला कळलं, ते मी आता गावभर सांगत फिरणार आहे.