आत्याचं माळवद

संतपूर म्हणजे बिदर जिल्ह्यातला औराद तालुका. मेअखेरीस आम्ही पुण्याहून तिथे जातो ते आत्याचं घर बंद करायला. गुडघ्यांमुळे पावसाळ्यात ती आमच्याकडे असते. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो. त्याआधी माळवदावर पांढरी माती टाकून चोपायची, पन्हाळ मोकळी करायची, साण्यावर पत्रा ठेवून कडा लिंपायच्या.

यंदा अमेरिकेतला भाचा सोबत होता. त्याच्याकडे आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर आहे. मुक्कामी त्याची एक बाजू खणासारखी बाहेर सरकते. हिवाळ्यात गाडी उभी ठेवताना तो ती आत घेतो. पण आधी छतावरचा पालापाचोळा झाडतो, कडेचे रबरी पट्टे पुसतो, त्यांना रबराचं औषध चोळतो. पट्टा वाळून तडकला की पाणी आत.

"मध्ये जाऊन बघतोस ना रे?" आत्याने विचारलं.

"दर महिन्याला."

ती माझ्याकडे बघत राहिली. गेल्या पावसाळ्यात आमच्यापैकी कोणी फिरकलं नव्हतं. साण्याची कड सुटली आणि लिंबाच्या तुळईचं टोक कुजलं. "यंदा मी इथेच राहते," ती म्हणाली. नागपंचमीला येऊन बघेन, असं कबूल केल्यावरच ती गाडीत बसली. एक किल्ली मात्र शेजारच्या काकूंकडे देऊनच.