चार आणि वीसच्या मध्ये

यंत्राच्या छोट्या पडद्यावर दोन आकडे होते: ४ आणि २०. पुरवठादाराकडून आलेल्या मुलाने मास्कचे पट्टे डोक्यावरून कसे ओढायचे ते दाखवलं, पाण्याची डबी कुठपर्यंत भरायची ते सांगितलं, वहिनीची सही घेतली आणि निघाला. "पण दाब किती ठेवायचा?" असं दादाने विचारलं, तेव्हा तो चपला घालत म्हणाला, "काका, ऑटो आहे. मशीन आपलं आपण बघतं."

दादा जलसंपदा खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेला. कालवे, दरवाजे, पाण्याची पातळी यांतच त्याची सगळी नोकरी झाली. त्यामुळे डॉक्टरांच्या कागदावर दाबाचं माप ‘सेंटिमीटर पाणी’ असं वाचून त्याला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं होतं. दहा सेंटिमीटर म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा तळावर पडतो तेवढा दाब. आपल्या भोवतीच्या हवेचा दाब याच मापात साधारण १०३३ भरतो. म्हणजे यंत्र घालतं ती भर जेमतेम एका टक्क्याची. एवढ्याशा दाबावर मिटणारा घसा रात्रभर उघडा राहतो, हे तो घरी येईल त्याला कौतुकाने सांगायचा. पण त्या काळात त्याला स्वतःला मात्र मास्क लावून धड तासभरही झोपता येत नव्हतं.

त्याचा आजार, स्लीप अ‍ॅप्निया, तसा सगळ्यांच्या परिचयाचा, फक्त आपण त्याला घोरणं म्हणून सोडून देतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि हवेची वाट मिटते. छाती-पोट श्वासासाठी धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा करतो, मोठ्या घोरण्यासरशी श्वास सुटतो आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला, अथवा बराच मंदावून ऑक्सिजन उतरला, की ती एक घटना धरतात. तासाला पाचपेक्षा कमी घटना म्हणजे ठीक, पंधराच्या पुढे मध्यम, तीसच्या पुढे तीव्र. दादाच्या अहवालात हा आकडा ४२ होता. वहिनीला त्यासाठी अहवालाची गरज नव्हती. घोरणं एकदम थांबलं की ती अंधारात हात लांबवून त्याचा खांदा हलवायची, हे वर्षानुवर्षं चाललेलं होतं. आणि दिवसा हा पेपर हातात धरून पेंगायचा, सिग्नलला गाडी थांबली की त्याची मान खाली जायची.

डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईत नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास केला होता. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी १९.५ टक्क्यांच्या झोपेत श्वासाचे अडथळे निघाले, आणि ७.५ टक्क्यांना त्यासोबत दिवसा झोप येण्याचा त्रासही होता. तपासणीला आलेले हे लोक स्वतःला आजारी समजत नव्हते, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले तेव्हा बातम्यांतून या आजाराचं नाव घरोघरी पोचलं. आमच्याकडे वहिनीने ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली, आणि तपासणीला जायला दादा त्या आठवड्यात तयार झाला.

तर रात्रीची गोष्ट. मास्क लावला, दिवा मालवला, की थोड्या वेळात दादा उठून बसायचा आणि तो ओरबाडून काढायचा. "कोंडतंय," म्हणायचा. ऐकणारा प्रत्येक जण एकच उपाय सुचवायचा: हवा जोरात येत असेल, दाब कमी करून घे. वहिनीच्या भावाने सांगितलं, शेजाऱ्यांनी सांगितलं, पुरवठादाराने फोनवर सांगितलं. पण ऑटोचा खालचा आकडा आधीच ४ होता आणि त्याच्या खाली यंत्र जातच नाही.

डॉक्टरांकडे मी त्याच्यासोबत गेले. जाताना यंत्रातलं बोटाच्या पेराएवढं कार्ड काढून पाकिटात घातलं होतं. डॉक्टरांनी ते संगणकात घातलं, पण लगेच दाबाकडे पाहिलं नाही. आधी पाहिलं ते किती तास वापर झाला. मग हवेची गळती. आणि त्यानंतर दाबाचा आलेख उघडून त्यांनी जे सांगितलं ते आजवर आम्ही ऐकलेल्या सगळ्या सल्ल्यांच्या उलट होतं: "यांना दाब जास्त होत नाहीये. कमी पडतोय."

त्यांनी ते असं उलगडून सांगितलं. प्रौढ माणूस ४ सेंटिमीटरवर श्वास घेतो, तेव्हा मास्कमध्ये येणारी हवा अपुरी वाटते. मास्कला बारीक छिद्रं असतात, उच्छ्वासातली हवा त्यांतून बाहेर जायला हवी. दाब कमी असला की तीही सावकाश जाते. म्हणून कोंडतं. शिवाय ऑटो यंत्र अडथळ्याची चाहूल लागली की दाब वाढवत जातं; श्वासाच्या लाटेचा माथा सपाट होऊ लागला, घोरण्याची थरथर जाणवली, की वर चढतं. पण ४ पासून निघून दादाच्या घशाला लागणाऱ्या ९-१० पर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो. तेवढ्यात घसा मिटतो, झोप मोडते, माणूस मास्क काढतो, आणि पुन्हा लावला की गाडी पुन्हा चारपासून.

हे ऐकून दादा खुर्चीत सरसावून बसला. त्याला आकडे कळतात. आजवर कोणी दिले नव्हते.

प्रत्येक घशाला आपला आकडा असतो, ही गोष्ट या उपचाराच्या पहिल्या अहवालातच आहे. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८० मध्ये पहिल्यांदा एका रुग्णावर हवेच्या दाबाचा हा प्रयोग केला. तेव्हा तीव्र आजाराला खात्रीचा इलाज एकच होता: गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवणं. सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी लावून हवा नाकात सोडली. सुरुवातीचे मास्क रोज रात्री नाकाला चिकटवावे लागत. १९८१ च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी पाच रुग्णांचा अनुभव मांडला. पाचही जणांचा घसा रात्रभर उघडा राहिला, आणि त्यासाठी लागलेला दाब होता ४.५ ते १० सेंटिमीटर. अवघ्या पाच माणसांत दुपटीहून जास्त फरक! चाळीस वर्षांनी तेच यंत्र ४ ते २० असं मोकळं सोडून घरात ठेवून जायचं, याला मी उपचार म्हणायला तयार नाही. रुग्णालयात रात्रभर झोपवून दाब ठरवतात तेव्हा तंत्रज्ञ ४ पासून सुरू करतो, घटना दिसल्या की एकेक सेंटिमीटर वाढवतो आणि दोन वाढींमध्ये निदान पाच मिनिटं थांबतो. दादाची तपासणी घरी झाली होती, त्यामुळे ही पायरी झालीच नव्हती. ती आता कार्डावरून करायची होती.

पण डॉक्टरांनी लगेच आकडा बदलला नाही. गळती आधी, असं त्यांचं म्हणणं. दादाला मिळालेला मास्क नाक-तोंड दोन्ही झाकणारा, आणि दादाची मिशी जुन्या तालेवार वळणाची. मिशीवरून हवा सुटायची, फुर्रफुर्र आवाज यायचा, डोळे कोरडे पडायचे. म्हणून तो पट्टे आणखी आवळायचा, आणि गळती वाढायची. मास्कची कड हवेने फुगून चेहऱ्याला टेकायला हवी. आवळली की ती चुरगळते. तिथल्या ताईंनी त्याला तपासणीच्या टेबलावर आडवं केलं, यंत्र दहाच्या दाबावर चालू ठेवलं आणि तसं झोपलेलं असतानाच पट्टे सैल-घट्ट केले, कारण बसल्यावरचा आणि झोपल्यावरचा चेहरा वेगळा असतो. शेवटी नाकपुड्यांशी टेकणाऱ्या दोन मऊ गोंड्यांचा मास्क निवडला. मिशी वाचली. तोंड उघडं पडू नये म्हणून हनुवटीला पट्टा.

गळती आटोक्यात आल्यावर मग आकडे. खालचा दाब ७, वरचा १४. पहिल्याच रात्री दादा म्हणाला, "आता श्वास घ्यायला हवा आहे." वहिनी म्हणाली, "अहो, आणि मला झोप आहे!"

उच्छ्वास टाकताना दाब थोडा उतरवण्याची सोय यंत्रात असते. एक, दोन किंवा तीन सेंटिमीटर. दादाला तीन फार आवडलं, सोपं वाटायचं. पण कार्डावर तासाच्या घटना सहावर अडकल्या. कारण सरळ होतं: सातातून तीन गेले की उच्छ्वासाच्या शेवटी घशाला मिळणार चारच, आणि घसा मिटतो तो बहुधा तिथेच. सोय दोनवर आणली, खालचा दाब ८ केला, आणि घटना दोनच्या आसपास आल्या.

वरच्या आकड्याचं दुखणं निराळं निघालं. काही सकाळी पोट टम्म, ढेकरांवर ढेकर. दाब जास्त झाला की हवा अन्ननलिकेतही शिरते. आलेखात पहाटेच्या सुमारास दाब चौदाला जाऊन टेकलेला दिसायचा. उताणं झोपल्यावर आणि स्वप्नांच्या झोपेत घसा जास्त सैल पडतो, त्या वेळी दाबही जास्त लागतो. त्या तासांत श्वास थांबल्याच्या काही घटना अशाही होत्या की घसा उघडाच होता, श्वास घेण्याचा हुकूमच मेंदूकडून आला नव्हता. अलीकडची काही यंत्रं श्वास थांबला की हवेचे बारीक कंप सोडून घसा उघडा आहे की मिटलेला हे ओळखतात. उघड्या घशाला दाब वाढवून उपयोग नसतो, उलट कधी कधी जास्त दाबाने अशा घटना वाढतात. घरी बसून कोणी नुसता एकूण आकडा पाहून दाब चढवत गेला असता, तर याच ठिकाणी फसला असता. डॉक्टरांनी वरची मर्यादा १२ केली, आणि वहिनीने पाठीशी लोड लावून दादाला कुशीवर झोपायची सवय लावली. पोट शांत झालं.

नाशिकच्या थंडीत नळीत पाणी साचू लागलं. दमट ऊन हवा गार नळीतून जाताना थेंब धरते आणि मध्यरात्री नाकावर शिंतोडे येतात. यंत्र पलंगापेक्षा खाली ठेवलं, नळीला वहिनीने जुन्या शालीचं आवरण शिवलं, ओलावा दोन घरं उतरवला. पावसाळ्यात वीज जायची, तेव्हा इन्व्हर्टरवर चालवताना पाणी तापवणं बंद ठेवायचं. सगळ्यात जास्त वीज तेच खातं.

आता त्याचा कागद असा आहे: ८ ते १२, उच्छ्वासाला २, मास्कचं नाव आणि माप, डॉक्टरांची सही आणि तारीख. वजन पाच-सात किलो इकडेतिकडे झालं, नाक कायम चोंदायला लागलं किंवा दिवसा पुन्हा पेंग आली, तर कार्ड घेऊन यायचं, असं खाली लिहिलंय. हा कागद यंत्राच्या पिशवीतच असतो. दादाच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ बाईंनी पहिल्यांदा तोच मागितला. भूल आणि वेदनाशामक औषधांनी घसा आणखी सैल पडतो, म्हणून त्यांनी यंत्र सोबत आणायला सांगितलं होतं. शस्त्रक्रियेनंतर दादा पुरता शुद्धीवर येण्याआधीच तिथल्या सिस्टरनी तोच मास्क त्याच्या नाकाला लावला आणि कागदावरचे आकडे पडद्यावरच्या आकड्यांशी ताडून पाहिले.