शेक, क्लच आणि अस्तंबा

खरं सांगू? गाठ पहिल्यांदा दिसली तेव्हा मला चक्क अभिमान वाटला होता. डाव्या तळहातावर, अनामिकेच्या मुळाशी, तुरीच्या दाण्याएवढा टणक गोळा. जिमला सहा महिने झाले होते, डेडलिफ्टचे आकडे चढत होते. म्हटलं, घट्टा पडला! कँटीनमध्ये दोघा-तिघांना दाखवूनही झालं. जवळच्या एका डॉक्टरांनीही घट्टाच ठरवून मलम दिलं आणि विषय संपला.

ही 2022 ची गोष्ट. दिवाळीला शहाद्याला घरी गेलो. लक्ष्मीपूजनाच्या आरतीला आप्पा समोर हात जोडून उभे होते आणि मी पहिल्यांदाच नीट पाहिलं, त्यांचे हात जुळतच नाहीत. मध्ये एक पोकळी राहते. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळलेली. आम्ही लहानपणापासून तो हात असाच बघत आलो. तोंड धुताना बोट डोळ्यात जातं, खिशात हात घातला की अडकतो. घरातली थिअरी ठरलेली होती : ‘विहिरीचा दोर ओढून ओढून झालं.’ आजोबांचंही तसंच होतं, म्हणजे त्यांनीही दोरच ओढला असणार. गावात तर विनोदच होता, की यांच्या मुठीतून पैसा सुटत नाही.

‘आप्पा, तुम्हाला सुरुवातीला गाठ आली होती का?’

‘दखाड हात,’ आप्पा म्हणाले. माझ्या गाठीवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि काहीच बोलले नाहीत. पपईच्या भावावर तासभर बोलणारा माणूस गप्प बसला की समजून जायचं.

पुण्यात आल्यावर हाताच्या सर्जनकडे गेलो. त्यांनी तळहात टेबलावर पालथा ठेवायला सांगितला. अजून सपाट टेकत होता. मग त्यांनी एक फ्रेंच नाव घेतलं, डुपिट्रन. या सर्जनमहाशयांनी 1831 मध्ये पॅरिसला व्याख्यान देऊन हा आजार समजावला होता. तळहाताच्या कातडीखाली एक चिवट पडदा असतो. तो जाड होतो, त्यात गाठी येतात, गाठींच्या दोऱ्या होतात आणि त्या दोऱ्या बोटांना आत खेचतात. (म्हणजे दोर होताच, फक्त विहिरीचा नव्हता!) हा आजार घराण्यात उतरतो, उत्तर युरोपात जास्त दिसतो, आपल्याकडे कमी. मार्गारेट थॅचर यांच्या हातावर 1986 मध्ये, पंतप्रधान असतानाच, याचीच शस्त्रक्रिया झाली होती. शहाद्याच्या पाटलांना हे कुठून चिकटलं, देव जाणे.

बोट वाकलं की ऑपरेशन. पण वाकायच्या आधी, गाठी वाढत असताना, एक पर्याय असतो : रेडिएशन. वाकलेलं बोट त्याने सरळ होत नाही, वाढ थांबावी एवढीच आशा. हमी नाही आणि दूरच्या परिणामांचे मोठे अभ्यासही थोडेच, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं. मी पंधरा दिवस विचार केला आणि हो म्हणालो.

पाच दिवस, रोज 3 ग्रे. मग बारा आठवडे सुट्टी आणि पुन्हा पाच दिवस. एकूण 30 ग्रे. गाठींभोवती पेनाने रेघ मारतात, बाकीचा हात शिशाने झाकतात, मशिन दोन-तीन मिनिटं गुणगुणतं. कळत काहीच नाही. कळतं ते बाहेर, वेटिंगमध्ये. तिथे सगळे कॅन्सरचे पेशंट. आयटीतला धडधाकट पोरगा मी, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची लाज वाटायची. डोक्याला स्कार्फ बांधलेल्या एका काकूंनी विचारलं, ‘तुला कुठे रे बाळा?’ मी तळहात पुढे केला. ‘अगंबाई, हाताला पण होतं का!’ म्हणत त्यांनी माझ्याच पाठीवरून हात फिरवला. खुलासा करायची हिंमत झाली नाही.

घरी मात्र खुलासा करावाच लागला. आमच्याकडे रेडिएशनला ‘शेक’ म्हणतात आणि शेक म्हटलं की एकच आजार. 2023 च्या मे महिन्यात दुसरा राउंड संपला, तेव्हा माझ्यासाठी मुली बघणं जोरात होतं. मामांनी ताकीद दिली, ‘शेकाचं कुठे बोलायचं नाही.’

उपचारानंतर त्वचा कोरडी पडली, थोडी लाल झाली. गाठ गेली नाही, पण मऊ पडली. मला वाटलं आता हात जपायचा, काचेच्या भांड्यासारखा. डॉक्टर म्हणाले, उलट, वापरा. फक्त तळहातावर सतत दाब आणि ठोसे नकोत. मग प्रयोग सुरू झाले. डेडलिफ्टला मनगटाचे पट्टे, पुलअप्सना रजा, त्याऐवजी पोहणं. बाइकचा प्रॉब्लेम मोठा, कारण क्लच डाव्या हातात आणि हिंजवडीचा ट्रॅफिक तुम्हाला माहीतच आहे! केबल बदलली, ग्रिपवर फोम चढवला, जेलचे हातमोजे घेतले. रात्री झोपताना खोबरेल तेल. पहिले दोन महिने दर दहा मिनिटांनी मी हात डेस्कवर पालथा टाकून बघायचो. टीम लीडला वाटलं, मी शपथ घेतोय.

त्या दिवाळीला अस्तंब्याला गेलो. आमच्या जिल्ह्याबाहेर हे नाव फारसं कुणाला माहीत नसतं. सातपुड्यातलं अश्वत्थाम्याचं शिखर. धनत्रयोदशीपासून हजारो लोक ते चढतात, बरेचसे रात्री, बॅटरीच्या उजेडात. अश्वत्थामा भळभळती जखम घेऊन या डोंगरात फिरतो आणि वाटसरूंकडे तेल मागतो म्हणतात. उतरताना मुरमावरून घसरलो आणि डाव्या हाताने दगड गच्च धरला. धरला गेला! नंतर हात उघडून बघितला तर हातमोजा फाटलेला, बोटं सरळ. पोरं पुढे निघून गेली तरी मी बॅटरी मारून तळहात बघत बसलो होतो.

महिन्याभरात कांदेपोह्यांचा कार्यक्रम झाला. मुलगी नंदुरबारच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन. गच्चीवर दोघंच होतो, मामा खाली. मी शेकापासून सुरुवात केली. वडील, आजोबा, गाठ, सगळं सांगितलं.

‘मुलांना होईल?’ तिने सरळ विचारलं.

‘तुमच्या-आमच्या... म्हणजे, माझ्या मुलांना वारसा मिळायची शक्यता निम्मी. पण ज्यांना मिळतो त्या सगळ्यांची बोटं वाकतातच असं नाही.’

ती म्हणाली, ‘मी रोज सिकलसेलचे रिपोर्ट काढते. दोघं वाहक असले तर प्रत्येक बाळामागे चारात एक शक्यता आजाराची, आणि तो आजार जीव घेतो. रिपोर्ट लपवलेली लग्नं पाहिलीत मी. तुम्ही लपवलं असतं तर मी नाही म्हटलं असतं.’ मग म्हणाली, ‘हात दाखवा.’ गाठ दाबून बघितली, अगदी लॅबवाल्यासारखी. रोमँटिक वगैरे काही नव्हतं.

2024 मध्ये लग्न झालं. मामांना अजून वाटतं, त्यांच्या सल्ल्यामुळे जमलं.

मोजमापाची आयडिया तिचीच. दर पाडव्याला आप्पांच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर, हात ठेवून पेन्सिल फिरवायची. आप्पांच्या हाताला दोन बोटं आखूड येतात. ते म्हणतात, ऑपरेशन करू, एवढा पपईचा हंगाम जाऊ दे. तीन हंगाम गेले. माझी पहिली रेघ आणि 2025 ची रेघ एकावर एक ठेवली तर अनामिकेपाशी पेन्सिलीच्या टोकाएवढा फरक दिसतो. तो बोटाचा आहे की पेन्सिलीचा, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.